अंगणातली भट्टी: घरच्या घरी लोहारकाम सुरू करताना

लोहारकाम करून बघायचंय, असं कुणी म्हणालं की पाठोपाठ पहिला प्रश्न ऐरणीचा येतो. कुठे मिळते, किती किलोची घ्यावी, केवढ्याला पडते? मी उलट विचारते, भिंतीपलीकडे कोण राहतं? आणि सकाळी अकरा वाजता तुमच्या जागेत ऊन कुठवर येतं? ऐरण शोधली की मिळते. शेजार आणि सावली या दोन गोष्टी जमल्या नाहीत, तर मात्र चांगली ऐरणही अंगणात गंज खात पडते.

मी शाळेत चित्रकला शिकवते. कळव्याला खारेगावात आमचं जुनं बैठं घर आहे. मागे बारा बाय नऊ फुटांचं अंगण, त्यावर पत्रा. गेली सहा वर्षं रविवारी सकाळी दहा ते साडेबारा तिथे भट्टी पेटते. आकडे, दाराच्या कड्या, खुरपी, उलथणी, शाळेत मुलांची चित्रं टांगायचे हुक, एवढंच करते, पण मन लावून करते. घरात लोहारकीचा वारसा नाही. शिकले ती रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेल्या एका घिसाडी, म्हणजे फिरत्या लोहारांच्या, कुटुंबाजवळ तासन्‌तास बसून, आणि उरलेलं चुका करून.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. फ्लॅटमध्ये, गॅलरीत किंवा सोसायटीच्या गच्चीवर हे काम करू नका. घणाचा ठोका स्लॅबमधून चार मजले जातो, ठिणगी वाऱ्याने कुठेही जाते, आणि कोळशाच्या धगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. बंद खोलीत तो माणसाला झोपेतच संपवतो. ठाण्यात किंवा नवी मुंबईत फ्लॅटमध्ये राहत असाल, तर गावठाणातल्या नातेवाइकाचं अंगण, मुरबाड-शहापूरकडचं गावचं घर किंवा दोघातिघांत मिळून भाड्याने घेतलेला एखादा गाळा बघा. जागा लहान चालते. माझ्या बारा बाय नऊमधली तीन फूट तर तुळस आणि पाण्याच्या पिंपाने अडवली आहे.

शेजार

भट्टी बांधायच्या आधी मी तीन घरी जाऊन आले. काय करणार, किती वेळ, कुठल्या वारी, धूर किती, सगळं सांगितलं. डाव्या बाजूच्या आजींनी एकच विचारलं, "आमचे कपडे कुठल्या दोरीवर वाळतात माहितीये ना तुला?" तोपर्यंत मी धुराचा विचार केला होता, राखेचा नाही. पंखा जोरात फिरवला की कोळशाची काळी कुसळं उडतात आणि ती पांढऱ्या परकरावर बसली की साबणाने जात नाहीत. तेव्हा ठरलं, माझं काम साडेबाराला बंद, आजींचे कपडे त्यानंतर.

आवाजाचा कायदाही माहीत असू द्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. ऐरणीजवळचा आवाज याच्या कितीतरी वर जातो, म्हणून तो जागच्या जागी मारायला शिकावं लागतं. गंमत अशी की तापलेल्या लोखंडावर बसलेला घाव फारसा वाजत नाही, 'थप्' असा दबका आवाज येतो. कानठळ्या बसवतो तो रिकाम्या ऐरणीवर पडलेला हातोडा, किंवा थंड झालेल्या लोखंडावर रेटून मारलेला. पुष्कळ जणांना दोन घावांच्या मध्ये ऐरणीवर टणटण करायची सवय असते. वस्तीत ती सोडायची. ऐरणीच्या कंबरेला जाड साखळी करकचून गुंडाळली आणि पोटाला स्पीकरमधलं जुनं लोहचुंबक चिकटवलं की तिची किणकिण निम्म्याहून खाली येते. माझ्याकडे दोन्ही आहेत.

सावली

हा विषय माझा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

लोखंड किती तापलं हे सांगणारं कुठलंही यंत्र लोहाराकडे नसतं. तो रंग बघतो. अंधारात साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे लोखंड मंद लाल दिसू लागतं. तेच लोखंड उन्हात धरलं तर काळंच दिसतं. म्हणजे उघड्यावर काम करणारा नवखा माणूस दोन चुका करतो. एक, लोखंड 'अजून तापलं नाही' समजून आणखी तापवतो आणि जाळतो. दुसरी, काळं दिसतंय म्हणून उचलायला हात घालतो. माझ्या डाव्या तर्जनीवर या दुसऱ्या चुकीची खूण आहे.

म्हणून भट्टी आणि ऐरण नेहमी छपराखाली, सावलीत. मात्र दोन बाजू पूर्ण उघड्या हव्यात, नाहीतर धूर आणि वायू कोंडतो. माझ्याकडे पूर्वेचं ऊन साडेदहापर्यंत आत यायचं, तिथे पत्र्याचा एक उभा आडोसा लावला. गोणपाट किंवा शेडनेट लावू नका, ठिणगी लागली की भडकतं. भट्टीमागची भिंत पांढरी होती, ती मी गडद राखाडी रंगवली. पांढऱ्या भिंतीसमोर लाल आणि नारिंगी यांतला फरक डोळ्यांना कळत नाही, राखाडीसमोर चटकन कळतो. भट्टीवर एलईडी दिवा लावू नये. दिवा हवा तो शिकंजापाशी (वस्तू घट्ट धरायचा व्हाइस), कानस मारताना, आणि त्याचं बटण वेगळं.

जमीन मातीची किंवा मुरूम ठोकलेली बरी. आमच्या अंगणात आधी शहाबादी फरशी होती. पहिल्याच महिन्यात लाल तुकडा हातून सुटून फरशीवर पडला. दगडात मुरलेल्या ओलीची वाफ झाली, टप्प्‌कन टवका उडाला आणि पोटरीला लागला. कॉंक्रीटही असंच तडकतं. मी कामाच्या जागेपुरत्या फरश्या काढून मुरूम घातला.

भट्टी

घरगुती भट्टी म्हणजे मातीत केलेला एक खड्डा आणि त्यात हवा सोडणारी नळी. याहून जास्त काही लागत नाही.

मी अँगलचं एक टेबल वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलं, दोन फूट बाय दीड फूट, उंची कमरेएवढी. वर जाड पत्रा, कडेने लाल विटांचे दोन थर, आणि आत माती भरायला मोकळी जागा. मातीसाठी मला लांब जावं लागलं नाही. गणपतीच्या आधी शाळेत शाडूच्या मूर्तींची कार्यशाळा होते, तिथे दरवर्षी पाटीभर माती उरते. नुसती शाडू वाळताना भेगाळते, म्हणून दोन भाग मातीला एक भाग चाळलेली वाळू मिसळली. पाणी बेतानेच. मुठीत दाबली की लाडू वळला पाहिजे, पण हाताला चिकटता कामा नये. ही माती पेटीत घालून लाकडी ठोकळ्याने चोपत बसवायची. मध्ये लांबट खळगा ठेवायचा. माझा दहा इंच लांब, वर पाच इंच रुंद, खाली तीन, आणि खोली चार इंच. लहान वाटतो, पण मोठ्या भट्टीने कोळसाच जास्त खाल्ला जातो. लोखंडाचा एका वेळी चार-पाच इंचच भाग तापायला हवा, कारण तेवढाच तुम्ही थंड व्हायच्या आत ठोकू शकता.

नळी एक इंची, खळग्याच्या आडव्या भिंतीतून, तळापासून इंचभर वर उघडणारी. आणि इथे माझी सगळ्यात मोठी चूक सांगते. प्लंबरकडून उरलेला जीआय पाइपचा तुकडा घरात पडला होता, तो मी बसवला. जीआय म्हणजे वरून जस्ताचा थर. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि भट्टी त्याच्या बरीच वर जाते. ज्वाळेला हिरवट झाक आली, पांढरे कापसासारखे तंतू उडायला लागले, आणि मला ते बघायला छान वाटलं. रात्री थंडी वाजून ताप भरला, अंग ठणकलं, तोंडाला गोडसर धातूची चव. डॉक्टरांना काय जाळलं ते सांगितल्यावर उलगडा झाला. दोन दिवसांत बरी झाले, पण तो धूर कोंडलेल्या जागेत घेतला असता तर फुप्फुसांवर बेतलं असतं. तेव्हा पाइप काळा एमएसचाच (माइल्ड स्टील, म्हणजे साधं नरम लोखंड, वर थर नसलेलं) हवा, आणि जीआय, क्रोम चढवलेली नळी, रंग दिलेलं ग्रिल यांतलं काहीही आगीत घालायचं नाही.

हवेसाठी कणीसवाले आणि चणे-शेंगदाणे भाजणारे वापरतात तो हाताने फिरवायचा लोखंडी पंखा घ्या. विजेचा ब्लोअर सोपा वाटतो, पण तुम्ही ऐरणीवर असता तेव्हाही तो फुंकतच राहतो. कोळसा जळतो आणि आत विसरलेला तुकडा वितळतो. हातपंख्याचं तसं नाही. हात थांबला की आगही झोपते. डावा हात पंख्यावर, उजवा लोखंडावर, ही लय आठ-दहा रविवारांत बसते.

माती बांधून झाली की आठ दिवस सावलीत वाळू द्या. भेगा पडतील, त्यात पातळ मातीचा लेप भरा. मग पहिल्या दिवशी फक्त अर्धा तास मंद आग ठेवा. घाई केली तर आतल्या ओलीने माती ढलपे सोडते.

कोळसा

लोणारी कोळसाच घ्या, लाकडाचा. तंदूरवाल्यांना पुरवणाऱ्यांकडे गोणीने मिळतो. बार्बेक्यूच्या दाबून केलेल्या वड्या नकोत, त्यांत राख फार. दगडी कोळशाची धग जास्त वेळ टिकते आणि पुष्कळ लोहार तोच वापरतात, पण पेटताना तो पिवळा, गंधकाचा वास मारणारा धूर सोडतो. वस्तीत पहिल्याच दिवशी भांडण होईल. शिवाय त्याची कीट, म्हणजे वितळून गोठलेली राख, खळग्याच्या तळाशी थापून बसते आणि नळीचं तोंड बंद करते.

गोणी आली की कोळसा अक्रोडाएवढा फोडून चाळून घ्यायचा. मोठे तुकडे ठेवले तर मधून हवा नुसती निघून जाते, चुरा ठेवला तर हवा अडते. मला अडीच तासांना चार-पाच किलो लागतो. पेटवायला नारळाची शेंडी आणि कापराची एक वडी. रॉकेल, पेट्रोल कधीही नाही.

स्वयंपाकाच्या गॅस सिलिंडरवर भट्टी चालवायचा विचार डोक्यातून काढून टाका. त्याचा रेग्युलेटर अगदी कमी दाबाचा असतो, त्याच्याशी छेडछाड करणं जिवावरचं आहे, आणि घरगुती सिलिंडर दुसऱ्या कामाला वापरणं बेकायदाही आहे.

ऐरण

आता ऐरण. मी सुरुवातीला हार्डवेअरच्या एका दुकानातून निळा रंग दिलेली, देखणी, शिंगवाली ऐरण आणली. ती बिडाची होती. बीड ठिसूळ. तिसऱ्या महिन्यात कडेचा टवका उडून माझ्या चष्म्याच्या काचेवर आपटला. चष्मा नसता तर डोळा गेला असता. घेताना कसं ओळखायचं? खिशात इंचभर व्यासाचा बेअरिंगचा छर्रा ठेवा. ऐरणीच्या तोंडावर दहा इंचांवरून सोडा. पोलादावर तो सात-आठ इंच परत उसळतो. बिडावर कसाबसा दोन-तीन. दुकानदार काहीही म्हणो, छर्रा खोटं बोलत नाही.

पोलादाची नवी ऐरण महाग पडते. मी रुळाच्या तुकड्यावर काम करते. आपल्याकडचा मुख्य मार्गांवरचा रूळ मीटरला ५२ किंवा ६० किलोचा असतो, म्हणजे दीड फुटाचा तुकडा पंचवीस किलोच्या आसपास. पण तो कुठून आणता हे महत्त्वाचं. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघून जिथे पोचली ते हे ठाणं, इथे रुळालगत पडलेलं लोखंड पाहून मोह होतो. हात लावायचा नाही. रेल्वेचा माल बेकायदा बाळगणं हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. रेल्वेच्या लिलावात रीतसर माल घेतलेल्या भंगारवाल्याकडूनच घ्या, पावती मागा आणि जपून ठेवा. तसा नाही मिळाला तर कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे चक्कर मारा. जाड प्लेटचा किंवा चार इंची गोल बारचा तुकडा, फोर्कलिफ्टचा मोडलेला दात, यांतलं काहीही चालतं. ऐरण म्हणजे हातोड्याखाली सलग जड पोलाद, एवढंच.

रूळ आडवा ठेवला तर खालची पातळ कंबर लवते आणि घाव वाया जातो. उभा रोवला तर तोंड तळहाताएवढंच मिळतं, पण पंचवीस किलो सगळे घावाच्या बरोबर खाली येतात. माझा उभा आहे. जांभळीच्या ओंडक्यात खाच कोरून त्यात बसवलाय, ओंडका फूटभर जमिनीत, भोवती मुरूम ठोकून. ओंडक्याच्या बुडाला डांबर फासा, वाळवी लागते. उंचीचं माप असं घ्यायचं: सरळ उभं राहा, मूठ वळून हात खाली सोडा, बोटांची पेरं येतील तिथे ऐरणीचं तोंड. माझं सत्तावीस इंच भरतं. उंच झाली तर खांदा जातो, खाली झाली तर कंबर.

हातोडा

मी दोन किलोचा हातोडा घेऊन सुरुवात केली होती, कारण लोहारकाम म्हणजे ताकद अशी समजूत. पंधरा दिवसांत कोपर धरलं. त्याच सुमारास हायवेलगत बसलेल्या त्या घिसाडी कुटुंबाकडे विळ्याला पाणी देताना, म्हणजे तापवून एकदम थंड करत कडक करताना, बघायला थांबले होते. त्यांच्यात नवरा सांडशीत लोखंड धरतो आणि बायको घण घालते. तिचं लुगडं खोचलेलं, पाय रोवलेले, आणि घण डोक्यावरून असा यायचा की वाटावं तो आपणहूनच खाली येतोय. मी माझा दुखरा हात दाखवला. मावशींनी माझ्या हातात त्यांचा छोटा हातोडा दिला, मारायला लावला आणि माझी बोटं एकेक करून सैल केली. "ताई, आवळू नको. पडू दे. पडला की ऐरणच त्याला वर देती." त्या दिवशी मला ऐरण कशासाठी असते ते कळलं. हातोडा आपण फक्त उचलायचा आणि वाट दाखवायची. घट्ट धरला तर त्याची उसळी मनगट खातं.

आठशे ग्रॅम ते एक किलोचा, एका बाजूने सपाट आणि दुसरीकडे आडव्या चोचीचा हातोडा घ्या. नव्या हातोड्याच्या तोंडाच्या कडा धारदार असतात, त्या लोखंडात चंद्रकोरीसारखे खड्डे पाडतात. ग्राइंडरने कडा गोलसर करा. दांड्यावरचं व्हार्निश काचपेपरने काढा, त्यानेच फोड येतात.

सांडशी सुरुवातीला घेऊच नका. दीड-दोन फूट लांब बार घ्या, एक टोक तापवा, दुसरं टोक हातात. वस्तू झाली की शेवटी कापायची. सांडशी लागेल तेव्हा तिचा जबडा बारच्या मापाचा हवा, सैल सांडशीतून लाल लोखंड उडतं. बाकी लागतं ते असं: पक्का बोल्ट केलेला सहा इंची शिकंजा, दोन कानशी, एक छिन्नी, तारेचा ब्रश आणि पाण्याची बादली.

लोखंड

ग्रिल बनवणाऱ्याकडे जा आणि तीन सुती चौकोनी एमएस बारचे उरलेले तुकडे किलोने मागा. तीन सूत म्हणजे साधारण दहा मिलिमीटर. हे नरम लोखंड चुका माफ करतं. बांधकामाची टीएमटी सळई फुकट मिळते म्हणून मोह होतो, पण तिच्या आतली घडण एकसारखी नसते, शिकायला ती नको. कमानपाटा, म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगची पट्टी, पोलादाची असते. तिचं खुरपं, कोयता छान होतो, पण ते सहा महिन्यांनी.

दोन गोष्टी आगीत कधीच घालू नका. दोन्ही टोकं बंद असलेला पाइप आणि गाडीचा शॉकअॅब्सॉर्बर. आत कोंडलेली हवा किंवा तेल तापून बॉम्बसारखं फुटतं.

पहिला आकडा

कपडे सुती आणि अंगाबरोबरचे. नायलॉनची ओढणी, पॉलिस्टरचा शर्ट नको, ते वितळून कातडीला चिकटतं. पायात चामड्याचे बंद बूट, डोळ्यांवर चष्मा, कानांत बोळे. केस बांधलेले. वाळूची बादली आणि अग्निशामक हाताशी.

कोळसा पेटून खळगाभर लाल झाला की बार आडवा, निखाऱ्यांच्या मधोमध ठेवा. खाली नळीच्या तोंडाशी खुपसू नका, तिथे हवा जास्त, लोखंड जळून वर खपली धरतं. वर कोळशाची रास करा आणि पंखा सावकाश फिरवा. आता बघा. आधी सुकलेल्या रक्तासारखा काळपट लाल. मग कुंकवाचा. मग शेंदरी. मग झेंडूचा नारिंगी, आणि त्यापुढे हळदीकडे झुकणारा पिवळा. झेंडू ते हळद हा ठोकायचा रंग, साधारण १००० ते ११५० अंश. पिवळ्याच्या पुढे पांढरं होऊन फुलबाजीसारख्या ठिणग्या सुटल्या तर लोखंड जळालं. तेवढं टोक कापून टाका, ते परत सुधारत नाही.

झेंडू दिसला की बाहेर. टोक ऐरणीच्या पुढच्या कडेवर, बार थोडा तिरपा. एक घाव, बार पाव वळसा, पुढचा घाव, परत मागे. असं करत टोकाला चौकोनी निमुळतं करायचं. गोल करायची घाई नको. आधी चौकोन, मग कोपरे मारून अष्टकोन, मग गोल. थेट गोल करायला गेलात की मधे पोकळी राहते आणि टोक उकलतं. रंग कुंकवाच्या खाली गेला की थांबा आणि परत आगीत. तुम्हाला एका तापात आठ-दहा घाव मिळतील. पहिल्या दिवशी अडीच इंचाचं टोक साडेचार इंच निमुळतं व्हायला मला सात ताप लागले होते. आता तीन लागतात.

निमुळतं झालं की अगदी टोकाचा अर्धा इंच ऐरणीच्या कडेवर वाकवून, उलटा करून हलक्या हाताने मागे गुंडाळा, लहान मुलाच्या करंगळीच्या नखाएवढी वेटोळी. मग पुन्हा तापवून त्याच्या उलट दिशेला मोठा बाक द्या. माझ्या रुळाला शिंग नाही, म्हणून मी दोन इंची पाइप शिकंजात धरते आणि त्यावर वाकवते. शेवटी सहा इंचांवर छिन्नीने कापा, कापलेलं टोक तापवून चपटं करा, थंड झाल्यावर स्क्रूसाठी भोक पाडा.

ब्रशने खपली काढा. आकडा हाताला चटका देईल इतका गरम असतानाच मधमाशांचं मेण किंवा जवसाचं तेल चोळा. धूर निघतो आणि लोखंडावर काळसर, मऊ झळाळी धरते. याने घरातला आकडा पावसाळ्यातही महिनोन्‌महिने गंजत नाही. बाहेरच्या वस्तूला दरवर्षी परत चोळावं लागतं.

पाणी देणं

कमानपाट्याचं पहिलं खुरपं कराल तेव्हा त्याला पाणी द्यावं लागेल. शब्द 'पाणी' असला तरी या पोलादाला तेल लागतं, पाण्यात बुडवलं तर तडा जातो. लोखंडी, झाकणाच्या डब्यात शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल घ्या, पन्नास-साठ अंश कोमट करा. गाडीचं जळकं ऑइल नको, त्याचा धूर विषारी. तारेला लोहचुंबक टांगून ठेवा. खुरप्याची कड तापवत मधूनमधून त्याला लावा. ७७० अंशांच्या आसपास चुंबक चिकटणं सोडतं. त्याच्या पुढे रंगाची एक छटा जाऊ द्या आणि उभं, सरळ तेलात. ज्वाळा उठली तर घाबरू नका, झाकण टाका. तेलावर पाणी ओतायचं नाही.

आता ते काचेसारखं कडक आणि ठिसूळ असतं. कड घासून चकचकीत करा आणि पाठीकडून हळूहळू शेका. हे मी वर्गात जलरंगात दाखवते तसंच घडतं, एक पातळ रंग सरकत येतो. आधी वाळल्या गवताचा, मग मधाचा, तपकिरी, जांभळा, आणि शेवटी मोरपिशी निळा. सुरीला गवताशी थांबायचं. खुरप्याला दगड लागतात, म्हणून जांभळा कडेपर्यंत आला की आच काढायची.

पावसाळा आणि आवराआवर

जून ते सप्टेंबर मी भट्टी कमी पेटवते. कोळसा ओल धरतो आणि तडतडून निखारे अंगावर उडवतो, म्हणून गोणी घरात, झाकणाच्या पिंपात. ऐरणीचं तोंड आणि कानशी तेलाच्या फडक्याने पुसून ठेवायच्या. मे महिन्यात पत्रा तपासून घ्या, गळकं छप्पर आणि लाल भट्टी यांचं जमत नाही.

काम संपल्यावर भट्टीत पाणी ओतू नका, माती फुटते आणि राखेची वाफ तोंडावर येते. निखारे चिमट्याने एकेक उचलून घट्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकायचे. हवा मिळाली नाही की विझतात आणि पुढच्या रविवारी पटकन पेटतात. उरलेली राख पसरायची, तासाभराने परत येऊन हात जवळ नेऊन बघायचं, भोवतालच्या लाकडावर ठिणगी बसलेली नाही ना.

त्या तासाभरात मी अंगण झाडते. भिंतीपलीकडून आजी विचारतात, "झालं का गं?" मी "झालं" म्हटलं की दोरी ओढल्याचा आवाज येतो. त्या दोरीची दोन्ही टोकं आता माझ्या तीन सुती आकड्यांना बांधलेली आहेत.